पंडिता रमाबाई व अनाथांसाठी मागितलेली वर्गणी

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वर्गणीचा विषय निघाला म्हणजे एक उत्तर ठरलेले असते. आम्ही गरीब माणसे. आम्हांसच कोणी द्यावे, आम्ही कोणास काय देणार? परदेशातील मिशनांकडून शाळा, दवाखाने व उपदेशकांचे पगार यांसाठी पैसा येत असे, त्या दिवसांत ही समजूत मूळ धरून बसली. आणि ते दिवस जाऊन कित्येक वर्षे लोटली तरी ती उपटून निघालेली नाही. प्रवरेच्या काठी कोल्हार व आसपासच्या वाड्यांतून फिरताना हे उत्तर आमच्या कानी फार वेळा आले आहे. म्हणून ज्या बाईंनी उपाशीपोटी हिंदुस्थान पायांखाली घातला, आणि पुढे ज्यांच्या दारी दोन हजारांच्या जवळपास मुली व बायका जेवू लागल्या, त्यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा एकवार सांगावे असे आम्ही योजिले आहे. पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा ख्रिस्ती वाचक महाराष्ट्रात विरळा. परंतु त्यांची विद्वत्ता व त्यांचे धर्मांतर यांविषयी जितके बोलले जाते, तितके त्यांनी पैसा कोणाकडे मागितला, कसा मागितला व त्याचा हिशेब कसा दिला याविषयी बोलले जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक. तो मोडून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले व त्याबद्दल विद्वानांचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला शिकविले. घरी विद्यार्थी व यात्रेकरू यांची सतत ये-जा असे. येणाऱ्यास जेवू घालता घालता होते नव्हते ते संपले, आणि रमाबाई अगदी लहान असतानाच या कुटुंबाने घर सोडले. मग तीर्थोतीर्थी पुराण सांगावे, जे पदरी पडेल त्यावर राहावे, आणि धर्माच्या समजुतीप्रमाणे त्यातूनही दानधर्म करावा असा क्रम चालला. शास्त्रीबुवांचा हात देता होता हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. मुलीच्या ठायी पुढे जो गुण दिसला त्याचे बीज बापाच्या घरचेच होय. दान नेमके कोणाच्या भुकेसाठी द्यावे हे मात्र तिला पुष्कळ सोसल्यावर कळले.

दक्षिणेत दुष्काळ पडला. शिल्लक संपली, दागिने गेले, शेवटी भांडीही विकली. मोलमजुरीचे काम कोणास येत नव्हते, आणि मोठ्या घराण्याच्या अभिमानामुळे कोणापुढे हात पसरणेही होत नव्हते. रानातली पाने खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ साली शास्त्रीबुवा वारले, त्यांच्यामागून थोडक्याच अवधीत लक्ष्मीबाई व मग थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः तिरडीस एका बाजूने आधार दिला. उंची लहान असल्यामुळे दांडा खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. नंतर त्या व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलम नदीच्या काठी अंगावर पांघरूण नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे केले व कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. ज्यांच्या नावावर पुढे शेकडो एकरांत नव्हे, तर शेकडो जिवांत मोजावी अशी मिळकत झाली, त्यांची त्या रात्रीची मिळकत एवढीच होती.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कीर्ती झाली, परंतु घर बसले नाही. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. वर वेगळ्या जातीचा, सबब विवाह सरकारी नोंदणीने झाला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच आई, बाप, बहीण, भाऊ व नवरा यांस पोचवून झालेली ही बाई एका तान्ह्या मुलीसह पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व नगर, सोलापूर वगैरे ठिकाणी त्याच्या शाखा काढल्या. म्हणजे आमच्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध ख्रिस्ती होण्याच्या अगोदरचा आहे. हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली व स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज सांगितली. विधवांसाठी घर काढावे असे त्यांच्या मनाने घेतले होते. परंतु सभा भरविणे व घर चालविणे यांत अंतर आहे. घराला रोजचे धान्य लागते.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकण्याचा बेत होता, परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनीसंघाने त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. या संघाचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायका तेथे आणून त्यांची सेवा करीत. हे दृश्य रमाबाईंनी पूर्वी कोठेही पाहिले नव्हते. टाकलेल्या बाईला दूर ठेवणे हेच धर्माचे काम असे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. येथे शुद्ध आचरणाच्या भगिनी त्याच बायकांची शुश्रूषा करीत होत्या. याचे कारण विचारता त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आपल्या उपदेशक बंधूंनी हा क्रम लक्षात घ्यावा. विद्वत्तेच्या वादांत रमाबाई सहजासहजी हरणाऱ्या नव्हत्या. एका सेवागृहातील साध्या कामाने त्यांचे मन वळविले.

यानंतरचा भाग आमच्या विषयाचा मुख्य होय, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव व्याख्याने देत, आगगाडीने हजारो मैल फिरत, हिंदुस्थानातील बालविधवांची दशा त्यांनी लोकांपुढे मांडली. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या व तो पैसाही या कामी आला. दुष्काळात स्वतःच्या जिवासाठी ज्यांच्याने हात पसरवला नाही, त्या परक्या देशात परक्या भाषेत दुसऱ्यांच्या मुलींसाठी पदर पसरून उभ्या राहिल्या. आपल्यासाठी मागताना जी लाज आड येत होती, ती दुसऱ्यासाठी मागताना कोठे गेली कोण जाणे.

पैसा कसा जमला हे पाहण्याजोगे आहे. एखाद्या धनिकाने मोठी थैली पुढे केली व काम झाले, असे घडले नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन शहरी रमाबाई असोसिएशन नावाचे मंडळ स्थापन झाले व रेव्हरंड एडवर्ड एव्हरेट हेल हे त्याचे अध्यक्ष झाले. या मंडळाने दहा वर्षे घर चालविण्याचा भार पत्करला. त्याच्या हाताखाली गावोगाव लहान लहान रमाबाई मंडळे निघाली. प्रत्येक सभासदाने दरसाल थोडीशी ठराविक रक्कम द्यावयाची, तीही एकदा उमाळा आला म्हणून नव्हे, तर दहा वर्षे सतत. देणाऱ्यांत गृहिणी व शिक्षिका पुष्कळ होत्या. मद्यपाननिषेधाचे काम करणाऱ्या स्त्रियांनीही मोठा हातभार लाविला. रक्कम खजिनदाराकडे जाई, खर्चावर विश्वस्तांची नजर असे व दर वर्षी अहवाल छापून निघे. अमेरिकेतील स्त्रिया एकत्र येऊन केवढी कामे उभारतात हे पाहून रमाबाई थक्क झाल्या होत्या, आणि त्या प्रवासावर त्यांनी १८८९ साली मराठीत जे पुस्तक छापले त्यात हा विषय मन लावून लिहिला आहे.

आमच्या वाचकांस यात नवीन वाटावे असे खरे म्हणजे काही नाही. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी पौलाने मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली तेव्हा मासेदोनियातील दरिद्री मंडळ्यांनी आपल्या ऐपतीपलीकडे दिले, आणि तो पैसा एकट्याने न नेता सोबत विश्वासू माणसे घ्यावी अशी खबरदारी प्रेषिताने घेतली. जवळचेच पाहावयाचे तर आमच्या शेजारी लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, तो लहान लहान शेतकऱ्यांच्या भागांवरच. आपल्याकडे घरोघर रोजच्या धान्यातून मूठ बाजूस काढून मुष्टिफंड चालवीत, त्याचीही रीत हीच. मूठ लहान असते. ती रोज पडते, म्हणून कणगी भरते.

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या दिवशी मुली दोन. त्यांपैकी गोदूबाई या बालविधवा होत्या. पुढे प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांनी हिंगण्यास विधवांसाठी आश्रम काढल्यावर याच बाई त्यासाठी वर्गणी गोळा करीत फिरल्या. कोणाच्या तरी वर्गणीवर शिकलेली मुलगी दुसऱ्यांसाठी वर्गणी मागू लागली, हे पहिल्याच विद्यार्थिनीच्या बाबतीत घडले. सदन १८९० साली पुण्यास नेण्यात आले.

पुण्यात वादळ उठले. बॉस्टनच्या मंडळाशी झालेला करार असा होता की, सदनात धर्मशिक्षणाची सक्ती होऊ नये. रमाबाईंनी सक्ती केली नाही. परंतु त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून वर्तमानपत्रांत गहजब झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळातून निघाले आणि सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. बॉस्टनकरांनी मात्र मदत थांबविली नाही. या वादात रमाबाईंचा हेतू शुद्ध होता याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि ज्या अटीवर पैसा घेतला ती अट देणारा कोणत्या अर्थाने समजतो याचा विचार घेणाऱ्याने अगोदर करावा, हेही त्यातून दिसते. रमाबाईंनी तो केला असावा. कारण पुढे त्यांनी जे घर काढले ते उघडपणे ख्रिस्ती घर म्हणूनच काढले, आणि शारदा सदन वेगळे ठेवले.

आता केडगावाकडे वळू. नगर शहरालगत जे केडगाव आहे ते हे नव्हे. हे पुणे जिल्ह्यात, दौंडच्या अलीकडे, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. मुदत संपल्यावर सदनास स्वतःचे काही उत्पन्न असावे म्हणून त्यांनी येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या व फळझाडे लाविली. आमच्या पाहण्यातील किती संस्थांनी मदत चालू असतानाच ती बंद होण्याच्या दिवसाची तयारी केली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

झाडे वाढत होती तोच १८९६ चा दुष्काळ आला. हल्ली प्रवरेच्या दोहो बाजूंस ऊस पाहणाऱ्या तरुण वाचकांस तो काळ समजणे कठीण. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्यापूर्वी पाऊस गेला की आमच्या भागातही माणसे व गुरे वाट फुटेल तिकडे जात. त्या वर्षी मध्य प्रांतात फार हाल झाले. बातमी ऐकताच रमाबाईंस वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपली भूक आठवली, आणि पुरेसा पैसा हाती नसता त्या तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांत व रस्त्यांवर हाडांचे सापळे झालेल्या पोरक्या मुली आणि त्यांच्यावर टपलेली दुष्ट माणसे त्यांनी पाहिली. सुमारे तीनशे मुली व बायका त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींस ठेवण्याची बंदी झाली, तेव्हा त्यांस केडगावास त्या शेतात नेण्यात आले. मुदतीनंतरच्या भाकरीसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने मुदत संपण्यापूर्वीच उपयोगी पडली. तेथे जे वसले त्याचे नाव मुक्ती.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. शारदा सदन प्रथम निघाले ते वरच्या जातींतील विधवांसाठी. आमच्या पुष्कळ वाचकांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहणारे. त्यांच्या लेकींचा विचार त्या पहिल्या योजनेत नव्हता. दुष्काळाने ती भिंत पाडली. उपाशी पोरीला जात विचारून गाडीत बसविता येत नाही. मुक्तीत सर्व जातींच्या मुली एका ठिकाणी जेवल्या, एका ठिकाणी शिकल्या. रमाबाईंचे काम त्यामुळे पहिल्या योजनेपेक्षा मोठे झाले, आणि आमच्या मते त्या स्वतःही मोठ्या झाल्या.

१८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. केडगावचा भार त्या वेळी मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी वाहिला. दहा वर्षांत काय मिळाले व कोठे खर्चले याचा जाब बाईंनी स्वतः जाऊन दिला. देणाऱ्यांचे समाधान झाले. जुने मंडळ मुदतीप्रमाणे विसर्जित होऊन त्याच्या जागी नवे मंडळ उभे राहिले. पुढील दुष्काळ लगेच १८९९-१९०० साली पडला, तो गुजराथेत अति भयंकर होता. नगर जिल्ह्यातही त्या वर्षी मिशनांनी पुष्कळ पोरकी मुले सांभाळली. गुजराथेतून आणलेल्या मुलींमुळे मुक्तीची वस्ती सुमारे एकोणीसशेवर गेली. इतक्या जणींनी नुसते बसून खावे असे रमाबाईंस कधीच वाटले नाही. विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, शेती, गाईगुरे, छापखाना अशी कामे काढून जिला जे जमेल ते तिला शिकविले. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. कृपा सदन नावाचे घर फसलेल्या बायकांसाठी निघाले; फुलहॅमला पाहिलेले काम येथे मराठी मुलखात उभे राहिले.

मुक्तीच्या काळात रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांच्या विश्वासाचा कित्ता घेतला होता. ठराविक वचने न मागता गरज देवापुढे ठेवावी व जे येईल त्यावर चालावे, अशी त्यांची रीत झाली. आमच्यातील काही उपदेशक हा दाखला पुढे करून घरोघर जाण्याचा कंटाळा झाकतात, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या बाईंनी ही रीत घेतली त्यांनी आधी तीन वर्षे गावोगाव फिरून तोंडाने मागितले होते, दहा वर्षे हिशेब चोख ठेवला होता, आणि मुक्तीची हकीगतही त्या छापून मित्रमंडळींस नियमाने पाठवीत. गुडघे टेकणाऱ्या त्या बाईंच्या मेजावर जमाखर्चाची वही उघडी असे, असेच आम्ही समजतो.

उतारवयात त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही कळावे असे सोपे मराठी त्यांस हवे होते, आणि त्यासाठी त्या इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. काम त्यामुळे थांबले नाही की वाढले नाही. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आपल्यामागे जिने हे घर चालवावे अशी आशा होती, तीच कन्या आईच्या अगोदर गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूकडे गेल्या. बायबलाचे भाषांतर त्यांनी पुरे केले होते. १९२४ साली ते सबंध छापून बाहेर पडले. छापणारा छापखाना मुक्तीचाच होता, आणि त्यात खिळे जुळविणारे हात तेथेच वाढलेल्या मुलींचे होते.